मेंडोसिनो वुडलँड्स येथील सामूहिक शिबिर: माहिती, तयारी आणि स्वयंपाकघराचा प्रश्न

पाणंद

उत्तर कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो वुडलँड्स स्टेट पार्कमध्ये गटाने राहायला जाण्याविषयी या मंचावर अधूनमधून विचारणा होते, पण माहिती निरनिराळ्या धाग्यांत विखुरलेली आहे, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातील आमचा मराठी कुटुंबांचा गट तिथे राहून आला आहे. गटात तान्ह्या बाळापासून भारतातून आलेल्या आजी-आजोबांपर्यंत सर्व वयांची माणसे होती, त्यामुळे खाली लिहिलेले बरेचसे अशाच मिश्र गटांना उपयोगी पडावे.

प्रथम जागेविषयी. हे नेहमीचे कॅम्पग्राउंड नाही. एका कुटुंबाने यावे, तंबू ठोकावा आणि दुसऱ्या दिवशी निघावे, अशी इथली रीत नाही. इथली तीन शिबिरे गटांसाठीच बांधलेली आहेत आणि आरक्षणही गटाच्या नावानेच होते. प्रत्येक शिबिराला स्वतःचे स्वयंपाकघर, भोजनगृह, न्हाणीघरे आणि झाडीत पांगलेल्या लाकडी केबिन आहेत. उद्यान राज्य सरकारचे असले, तरी शिबिरांची व्यवस्था एक ना-नफा संस्था पाहते. मेंडोसिनो गावापासून लिटल लेक रोडने सुमारे नऊ मैल आत जावे लागते. शेवटचा टप्पा कच्चा आणि उताराचा आहे, आणि तो उतरल्यावर बिग रिव्हरला मिळणाऱ्या लिटल नॉर्थ फोर्क या लहान प्रवाहाच्या काठी आपण पोहोचतो. तिथे मोबाइलला रेंज नाही, आणि केबिनमध्ये वीज नाही.

हे सगळे कसे उभे राहिले ते आधी माहीत असलेले बरे, कारण तिथली प्रत्येक सोय आणि गैरसोय त्या इतिहासातूनच आलेली आहे. १९३० च्या दशकातील महामंदीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने, शेती किंवा लाकूडतोड करून निकस झालेल्या जमिनी विकत घेऊन, शहरांतील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आणि मुलांसाठी तिथे सुट्टीची ठिकाणे उभारण्याची योजना आखली. त्यांना रिक्रिएशनल डेमॉन्स्ट्रेशन एरिया असे नाव होते. २४ राज्यांत अशी ४६ ठिकाणे झाली आणि मेंडोसिनो वुडलँड्स त्यांपैकी एक. आराखडे नॅशनल पार्क सर्व्हिसचे होते आणि कष्ट बेरोजगारांचे. सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेत भरती झालेल्या तरुणांना महिना ३० डॉलर मिळत आणि त्यांतील २५ डॉलर परस्पर घरी पाठवले जात. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे निघालेली रस्त्यांची आणि पाझर तलावांची कामे ज्यांनी पाहिली आहेत किंवा घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहेत, त्यांना यामागचा विचार वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पुढे १९७६ मध्ये ही जागा स्टेट पार्क झाली आणि १९९७ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तेव्हाच्या मजुरांनी फोडलेल्या रेडवूडच्या फळ्या आणि रचलेले दगड आजही वापरात आहेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तिथले जंगल आदिम नाही, हेही सांगितले पाहिजे, कारण पर्यटकांच्या छायाचित्रांवरून तसा समज होतो. १८५० च्या दशकात मेंडोसिनोला लाकडाची गिरणी सुरू झाली, आणि त्यानंतर बिग रिव्हरच्या खोऱ्यातील मोठमोठे रेडवूड तोडून नदीतून समुद्राकडे सोडले गेले. आज जे उंच वृक्ष दिसतात, ते त्या तोडीनंतरचे आहेत. केबिनच्या आसपास जुने बुंधे अजून उभे आहेत आणि त्यांच्याजवळ थोडा वेळ थांबण्यासारखे आहे. बुंध्याच्या अंगावर, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, समोरासमोर दोन आडव्या खाचा दिसतात. रेडवूडचा तळ फार पसरट असतो, म्हणून तोडणारे त्या खाचांत फळ्या रोवून, त्यांवर उभे राहून, वरच्या निमुळत्या भागात करवत चालवीत. खाचेत हात घातला तर आत शेवाळ आणि पाण्याचा ओलावा लागतो, पण कडा अजून तशाच सरळ आहेत. त्याच बुंध्याच्या मुळांतून फुटलेले धुमारे आता त्याच्याभोवती वर्तुळात मोठे वृक्ष होऊन उभे आहेत, कारण रेडवूड तोडला तरी बुडातून पुन्हा फुटतो. मुलांना वर्तुळात उभे करून आम्ही हे दाखवले आणि त्यांनी मग उरलेला दिवस अशी वर्तुळे शोधण्यात घालवला. मुळात ही भूमी पोमो लोकांची होती, हेही मुलांना सांगायला हवे. लाकूडतोडीचा इतिहास सांगताना त्यांना वगळणे योग्य नाही.

आता ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसलो त्याविषयी. आपल्या लोकांत अशा शिबिराची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न येतो तो केटरिंगचा. बाहेरून जेवण आणावे, म्हणजे सर्वांना मोकळेपणा मिळेल, असे म्हटले जाते. माझे स्पष्ट मत आहे की असे करू नये. बे एरियातून तिथे पोहोचायला चार तास सहज लागतात. एवढा वेळ गाडीत ठेवलेले साठ माणसांचे जेवण सुरक्षित राखणे अवघड आहे, हे तर झालेच. पण त्याहून महत्त्वाचे कारण असे की ते स्वयंपाकघर हेच त्या शिबिराचे केंद्र आहे. तिथे मोठ्या गॅस शेगड्या आहेत, शीतगृह आहे, मोठी पातेली आहेत, आणि शेजारी दगडी फायरप्लेस असलेले भोजनगृह आहे. माणसांनी एकत्र रांधावे, वाढावे, भांडी घासावीत आणि त्या निमित्ताने एकमेकांशी बोलावे, अशीच ती रचना आहे. वर्षानुवर्षे गणपतीच्या कार्यक्रमात नुसती मान हलवून ओळख दाखवणारी माणसे पहाटे पोह्यांचे कांदे चिरताना तासभर शेजारी उभी राहतात, तेव्हा त्यांच्यात जे बोलणे होते, ते सभागृहात होत नाही. केटररने ताटे मांडली की आपण पुन्हा खुर्च्यांवर बसलेले पाहुणे होतो, आणि त्यासाठी एवढे दूर जाण्याची गरज नाही.

ज्यांना अंदाज हवा असेल त्यांच्यासाठी: पन्नास माणसांच्या न्याहारीला साडेतीन ते चार किलो पोहे पुरतात, आणि इतर पदार्थ सोबत असतील तर मसालेभाताला पाच किलो तांदूळ. भाकऱ्यांचा हट्ट धरू नये. पिठले आणि भात उत्तम होतो.

प्रश्न जरूर विचारा.

सांजवेळ

पाणंद, धागा फार चांगला आहे आणि इतिहासाचा भाग विशेष आवडला, पण स्वयंपाकघराविषयी जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत नाही, आणि ते स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

आमच्या मंडळाच्या अशा सहलींमध्ये "सगळे मिळून करू" असे ठरते आणि प्रत्यक्षात सगळ्या मिळून करतात. पुरुष शेकोटी पेटवतात, मुलांना घेऊन फिरायला जातात, आणि परत आल्यावर चहाची चौकशी करतात. पहाटे कांदे चिरताना होणाऱ्या ज्या संवादाचे वर्णन तुम्ही केले आहे, तो संवाद मी अनेकदा अनुभवला आहे, परंतु त्यात माझ्यासोबत नेहमी बायकाच होत्या. माझ्या सासूबाई सत्तरीच्या आहेत. त्यांनीही सुट्टीच्या नावाखाली पोळ्या लाटल्या आहेत, कारण कोणी हातातले लाटणे काढून घेतले नाही. अशा स्थितीत केटरर हा आळस नसतो. ज्यांना घरी कधी सुट्टी मिळत नाही, त्यांच्यासाठी ती एकमेव सुट्टी असते. रचना कितीही सुंदर असली, तरी रांधणारे हात कोणाचे असतील हे कोण ठरवणार?

कोकणकडा

मी पूर्व किनाऱ्यावर राहतो, म्हणून एक पूरक माहिती देतो. पाणंद यांनी उल्लेख केलेल्या ४६ ठिकाणांपैकी अनेक आमच्या बाजूला आहेत. पेनसिल्व्हेनियातील फ्रेंच क्रीक, रकून क्रीक, लॉरेल हिल, ब्लू नॉब आणि हिकरी रन ही पाचही स्टेट पार्क त्याच योजनेतून निर्माण झाली. फिलाडेल्फिया आणि न्यू जर्सीतील मंडळींना फ्रेंच क्रीक जवळ पडते. व्हर्जिनियातील प्रिन्स विल्यम फॉरेस्ट पार्क हेही त्याच कुळातले, मात्र ते राज्याकडे न जाता केंद्राकडेच राहिले; दुसऱ्या महायुद्धात तिथल्या केबिन गुप्तहेरांच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या गेल्या होत्या. आज त्याच केबिन गटांना भाड्याने मिळतात.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे कॅम्प डेव्हिड हेदेखील मूळचे असेच एक गट-शिबिर आहे. मेरीलँडच्या कटॉक्टिन डोंगरातील ते शिबिर १९४२ मध्ये रूझवेल्ट यांनी स्वतःच्या विश्रांतीसाठी घेतले, आणि नातवाच्या नावावरून आयझेनहॉवर यांनी त्याला आजचे नाव दिले. शेजारची दोन शिबिरे मात्र आजही सामान्य लोकांसाठी आहेत. सामान्यांसाठी बांधलेली एवढी ठिकाणे अजून सामान्यांना मिळतात, ही समाधानाची गोष्ट आहे आणि आपल्या मंडळांनी तिचा अधिक लाभ घ्यायला हवा.

पाणंद

कोकणकडा, धन्यवाद. पूर्वेकडच्या वाचकांना याचा निश्चित उपयोग होईल.

सांजवेळ, तुमचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. मतभेद उपायाविषयी आहे. आमच्या गटातही हाच मुद्दा तयारीच्या बैठकीत निघाला होता आणि तो एका काकूंनी फार नेमकेपणाने मांडला. त्यांचे म्हणणे असे की कामाची पाळी कुटुंबाच्या नावाने लावली की ती घरातल्या बाईच्या वाट्याला जाते, कारण "कुलकर्णी: शनिवार सकाळ" असे लिहिले की कुलकर्ण्यांपैकी कोण उठणार हे आधीच ठरलेले असते. म्हणून आमच्या तक्त्यावर कुटुंबांची नावे नव्हतीच. प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे नाव स्वतंत्र होते, नवरा-बायको एकाच पाळीत येणार नाहीत अशी योजना होती, आणि प्रत्येक जेवणाला एक प्रमुख नेमलेला होता, ज्याला मीठ किती पडले याचे उत्तर द्यायचे होते. प्रमुखांत पुरुष निम्मे होते. ज्यांना स्वयंपाकाची सवय नव्हती त्यांनी शिबिरापूर्वी आपापल्या घरी तोच पदार्थ करून पाहावा, अशी अट होती. दहा वर्षांवरील मुलांकडे भांडी पुसण्याचे काम होते. सत्तरीवरील कोणाचेही नाव तक्त्यात नव्हते. त्यांना हौसेने काही करायचे असेल तर त्यांनी प्रमुखाला सांगून करावे, असे ठरले होते. तक्ता भोजनगृहाच्या दारावर लावला होता, त्यामुळे कोणाला "मला माहीत नव्हते" असे म्हणता आले नाही.

हे आपोआप घडत नाही, हे मी मान्य करतो. त्यासाठी आधी दोन-तीन बैठका घ्याव्या लागतात आणि काही माणसांची नाराजी पत्करावी लागते. परंतु ती बैठक टाळण्यासाठी केटररला पैसे दिले, तर सुट्टी तेवढ्यापुरती मिळते आणि घरी परतल्यावर सगळे पूर्ववत चालू राहते.

सांजवेळ

नावे व्यक्तीची लिहावीत, ही सूचना मी आमच्या मंडळात निश्चित मांडणार आहे, कारण ती साधी आहे आणि तिच्यातून पळवाट काढणे कठीण आहे. तरीही पहिल्या वर्षी एक जेवण तयार आणावे आणि उरलेली तक्त्याप्रमाणे करावीत, असे मी सुचवीन. ज्या गटात आजवर सवयच नाही, तिथे सगळी जेवणे एकदम पुरुषांच्या हाती दिली, तर शेवटी उपाशी राहण्याच्या भीतीने बायकाच पदर खोचतील, आणि मग पुढच्या वर्षी "पाहा, जमत नाही" असे म्हणायला सगळे मोकळे होतील. पोहोचण्याच्या रात्रीचे जेवण तरी घरून डब्यात न्यावे. प्रवासाने दमलेल्या माणसांनी अंधारात अनोळखी स्वयंपाकघर लावत बसू नये.

पाणंद

पहिल्या रात्रीविषयी तुमचे बरोबर आहे. दशम्या, चटणी आणि दही एवढे प्रत्येकाने बरोबर ठेवले की पुरते.

मृगाचा पाऊस

माझे आई-वडील पुण्याहून सहा महिन्यांसाठी येणार आहेत. वडिलांना हृदयविकाराचा त्रास आहे आणि आईला चालताना काठी लागते. अशा ठिकाणी त्यांना नेणे योग्य होईल का? मोबाइल चालत नाही, या एका गोष्टीने मला फार काळजी वाटते. शिवाय रस्त्याच्या वळणांचे काय?

पाणंद

तुमच्या प्रश्नाचे उत्तर सरसकट देता येणार नाही, म्हणून परिस्थिती सांगतो.

क्लोव्हरडेलहून १२८ क्रमांकाच्या महामार्गाने गेले तर सुरुवातीलाच वळणावळणांचा रस्ता लागतो, मग अँडरसन व्हॅलीतील द्राक्षमळे येतात, आणि शेवटी नवारो नदीच्या काठाने रेडवूडच्या दाट सावलीतून रस्ता समुद्राला मिळतो. रस्ता देखणा आहे, पण ज्यांना घाट लागतो त्यांना तो नक्की लागेल. बूनव्हिलला थांबून चहा घ्यावा आणि सोबत आलेपाक ठेवावा. विलिट्सहून २० क्रमांकाने फोर्ट ब्रॅगला उतरण्याचा पर्याय आहे, मात्र त्यावरही वळणे कमी नाहीत. गाडीची टाकी मेंडोसिनो किंवा फोर्ट ब्रॅगला भरून घ्यावी आणि नकाशा आधी फोनमध्ये उतरवून ठेवावा.

शिबिरातील वाटा मातीच्या आहेत, त्यांवर मुळे वर आलेली आहेत, आणि केबिन ते न्हाणीघर हे अंतर रात्री अंधारात चालावे लागते. काठी वापरणाऱ्या व्यक्तीला न्हाणीघराजवळची केबिन द्यावी. केबिनचे वाटप आधी कागदावर करावे आणि वृद्धांची व लहान बाळांची नावे सर्वांत आधी भरावीत. आमच्याकडे तसे केले होते आणि आजी-आजोबांना काही अडचण आली नाही. प्रत्येकाकडे डोक्याला लावायचा दिवा हवा, म्हणजे हात मोकळे राहतात.

हृदयविकाराविषयी मी सल्ला देणार नाही. तो त्यांच्या डॉक्टरांनी द्यावा. रुग्णालय फोर्ट ब्रॅगला आहे, आणि शिबिरातून तिथे पोहोचायला कच्चा रस्ता धरून बराच वेळ जातो. तातडीच्या वेळी संपर्क कसा करायचा हे आरक्षण करतानाच व्यवस्थापनाकडून लिहून घ्यावे, आणि गटातील दोन गाड्या कायम तोंड बाहेरच्या दिशेला करून मोकळ्या ठेवाव्यात. किल्ल्या कुठे आहेत ते सर्वांना माहीत असावे.

मृगाचा पाऊस

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले, आणि आम्ही वडिलांना न नेण्याचा निर्णय घेतला आहे. आम्ही सगळे मेंडोसिनो गावात खोली घेऊन राहू, आणि गट शिबिरात असताना दिवसा आईला घेऊन भेटून येऊ, अर्थात व्यवस्थापनाने परवानगी दिली तर. ज्यांच्या घरी असे आजार आहेत त्यांनी गटाच्या आग्रहाला बळी पडू नये, असे मला वाटते. "काही होत नाही हो" हे वाक्य आपल्याकडे फार सहज म्हटले जाते.

पाणंद

तुमचा निर्णय योग्य आहे. दिवसा भेटायला येणाऱ्यांची नावे आधी कळवावीत, एवढेच सुचवतो. आईंना चालवले तर गावाजवळच्या जग हँडल राखीव क्षेत्राची वाट थोडी तरी दाखवा. समुद्रापासून आत पायऱ्यांसारखे पाच सपाट टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा खालच्यापेक्षा साधारण एक लाख वर्षांनी जुना आहे. वरच्या टप्प्यांवरची माती इतकी आम्ल आणि निकस आहे की शंभर वर्षांची झाडेही माणसाच्या कमरेएवढी राहतात. तिथवर पूर्ण चालत जाणे त्यांना झेपणार नाही. पण व्हॅन डॅम स्टेट पार्कमध्येही असेच खुजे वन आहे आणि तिथे गाडी बरीच जवळ जाते.

रानजाई

वनस्पतिशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय आहे, म्हणून दोन गोष्टी लिहिते, कारण त्या धाग्यात अजून आलेल्या नाहीत आणि मुलांच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट पॉयझन ओक. कॅलिफोर्नियाच्या किनारी जंगलांत ती सर्वत्र आढळते. एका देठावर तीन पानांचा गुच्छ, वसंतात तकतकीत हिरवा आणि उन्हाळा सरता सरता लाल, अशी ओळख मुलांना आधीच चित्रावरून पक्की करून द्यावी. ही वनस्पती आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातील आहे. आपल्याकडे बिब्बा उतला की अंगावर जे फोड येतात, तसाच हा प्रकार आहे आणि त्यामागची रसायनेही एकमेकांच्या जवळची आहेत. ज्यांना आंब्याच्या चिकाचा त्रास होतो, त्यांनी विशेष जपावे. तिचे तेल कपड्यांवर आणि बुटांच्या नाड्यांवर दीर्घकाळ टिकून राहते, म्हणून रानातून आल्यावर हातपाय लगेच साबणाने भरपूर पाण्यात धुवावेत आणि ते कपडे अंथरुणावर टाकू नयेत. पॉयझन ओकच्या फांद्या चुकूनही शेकोटीत जाता कामा नयेत. तिचा धूर श्वासात जाणे धोक्याचे असते. गोचिडीही तिथे असतात आणि त्यांतील एका जातीपासून लाइम रोग होऊ शकतो. रात्री मुलांचे गुडघ्यामागचे, काखेतले आणि केसांतले भाग तपासावेत, आणि गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी.

दुसरी गोष्ट जळाऊ लाकडाची. घरून लाकूड नेऊ नये. उत्तर कॅलिफोर्नियात टॅनओक आणि ओक वृक्षांना सडन ओक डेथ नावाचा रोग लागला आहे, आणि मेंडोसिनो परगण्यातही तो पोहोचलेला आहे. त्याचा रोगकारक बाधित लाकूड-पाल्यातून आणि बुटांना लागलेल्या चिखलातून नव्या जंगलात जातो. शिबिरात मिळेल तेच लाकूड वापरावे आणि परतताना बूट झटकून, धुऊन गाडीत ठेवावेत. पाणंद यांनी वर्णन केलेले रेडवूड या रोगाने मरत नाहीत, पण त्यांच्या खाली वाढणारे टॅनओक मरतात, आणि त्यांच्या फळांवर जगणारे प्राणीही त्यात भरडले जातात.

उन्हाळ्यात तिथे पाऊस जवळजवळ नसतोच, तरी सकाळी झाडांखाली पाणी ठिबकताना ऐकू येईल. समुद्रावरून आलेले धुके रेडवूडच्या पानांवर साठून खाली पडते आणि कोरड्या महिन्यांत या झाडांना त्याचा मोठा आधार असतो. म्हणून जुलैतही गरम कपडे न्यावेत.

तिठा

बिब्ब्याचे नाते वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली, कारण मला आंब्याचा चीक उततो.

माझे दोन प्रश्न आहेत. माझ्या पत्नीला झोपताना श्वासाचे यंत्र लागते. वीज नसेल तर काय करावे? आणि आमच्या गटात शनिवारी रात्री मोठे स्पीकर लावून गाण्यांचा कार्यक्रम करण्याचे घाटत आहे. जंगलात शेजारी कोणी नाही, मग हरकत नसावी, असे सर्वांचे म्हणणे आहे. आपला अनुभव काय?

पाणंद

यंत्रासाठी बॅटरी मिळते. ती घरी दोन रात्री चालवून पाहावी आणि मगच न्यावी. भोजनगृहात दिवसा चार्ज करता येईल का, हे आरक्षणाच्या वेळी विचारून ठेवा, म्हणजे तिथे गेल्यावर धावपळ होणार नाही.

स्पीकरविषयी माझे मत ठाम आहे: नेऊ नयेत. शेजारी कोणी नाही हे खरे नाही. त्याच दरीत आणखी दोन शिबिरे आहेत आणि तिथेही आपल्यासारखेच गट उतरलेले असतात, शिवाय घुबडांसारखे आवाजावर शिकार करणारे पक्षी आहेत. पण संगीत नको, असे माझे म्हणणे मुळीच नाही. या जागेला संगीताची मोठी परंपरा आहे. लोकसंगीताचे आणि लोकनृत्याचे गट अनेक वर्षांपासून इथे शिबिरे भरवत आले आहेत आणि हातातली वाद्ये वाजवून रात्री रंगवत आले आहेत. आमच्याकडे पेटी होती, तबला होता, आणि भोजनगृहाच्या लाकडी छताखाली आवाज इतका स्वच्छ लागला की माइकची आठवण झाली नाही. एका आजोबांनी नाट्यपदे म्हटली, मुलांनी भोंडल्याची गाणी म्हटली, आणि नंतर अंताक्षरी बराच वेळ चालली. शांततेची वेळ ठरलेली असते, ती पाळावी.

कोकणकडा

तिठा, पेटी नेणार असाल तर ती रात्री केबिनमध्ये उघडी ठेवू नका. प्रिन्स विल्यमला आमच्या पेटीच्या भात्यात ओल शिरली होती आणि सूर चिकटू लागले होते. धुक्याच्या प्रदेशात हा त्रास अधिक होईल.

तिठा

आभार. स्पीकर रद्द करण्याविषयी गटात बोलतो; दोघातिघांना पटवावे लागेल, पण पटेल असे वाटते. शेवटचा प्रश्न: केबिनमधल्या फायरप्लेस वापरण्याची काही पद्धत आहे का? आमच्यापैकी कोणीच कधी वापरलेली नाही.

पाणंद

आहे, आणि ती पोहोचल्यावर सर्वांना उजेडी प्रत्यक्ष दाखवावी. लाकूड रचण्याआधी धुराड्याची झडप उघडी आहे का ते पाहावे. ती बंद असेल तर सगळा धूर खोलीत येतो. सुरुवातीला वर्तमानपत्राचा एक बोळा पेटवून धुराड्याच्या तोंडाशी धरावा, म्हणजे आतली थंड हवा वर सरकते आणि धूर ओढला जातो. मोठे ओंडके घालू नयेत. समोरची जाळी कायम लावलेली असावी, आणि पांघरुणे, मुलांचे कपडे जाळीजवळ वाळत घालू नयेत. निखारे पूर्ण विझल्याशिवाय झडप बंद करू नये, कारण अर्धवट निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही; त्यासाठी बॅटरीवरचे एक सूचक यंत्र बरोबर ठेवणे उत्तम. राख प्लास्टिकच्या पिशवीत किंवा कचऱ्यात कधीही टाकू नये. ती धातूच्या बादलीत काढून, पाणी घालून, व्यवस्थापनाने सांगितलेल्या जागीच न्यावी. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे आगीवर बंदी असू शकते, तेव्हा निघण्यापूर्वी त्या आठवड्याचे नियम विचारून घ्या.

केबिनमध्ये खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत, हेही इथेच नोंदवतो. उंदीर आणि रकून पिशव्या कुरतडतात, म्हणून बाळांची बिस्किटेसुद्धा स्वयंपाकघरात डब्यात ठेवावीत. आमच्या तक्त्याची कोरी प्रत ज्यांना हवी असेल, त्यांनी मला निरोप पाठवावा, पाठवून देतो.